परदेशी ग्राहकाचे पैसे: खात्यात दिसले म्हणजे आपले झाले का?

येवल्यात घरच्या मागावर विणलेल्या पैठण्या इन्स्टाग्रामवरून विकणारी एक मुलगी आहे, असं समजू. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं तिला नवी नाहीत. क्यूआर पाठवला, पैसे आले, साडी कुरिअरला दिली, विषय संपला. मग एक दिवस ह्यूस्टनहून विचारणा येते. जांभळा रंग, बांगडीमोराचा पदर, तीनशे डॉलर मान्य, फक्त पैसे कसे पाठवू तेवढं सांगा.

इथून सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी म्हणतं ऑनलाइन पैसे घ्यायला पेपाल घे, कुणी म्हणतं वेस्टर्न युनियननं मागव, मावसभाऊ म्हणतो बँकेचे डिटेल्स पाठव की, त्यात काय एवढं. सगळे कुठल्या तरी कंपनीचं नाव सांगतात. विचारायला हवं ते कुणी विचारत नाही: हे पैसे खात्यात दिसल्यावर ते परत कोण नेऊ शकतं, किती दिवसांपर्यंत, आणि कसल्या पुराव्यावर?

यूपीआयमुळे आपल्याला जमा झालं की संपलं अशी सवय लागली आहे. परदेशातून येणाऱ्या पैशाचं तसं नाही. कधी पैसे आलेलेच नसतात, आल्याचा नुसता कागद असतो. कधी खरोखर येतात, पण पाठवणाऱ्याला पुढचे सहा महिने ते परत मागता येतात. आणि कधी पैसे पक्के असतात, पण ते कशाचे हे बँकेत नीट नोंदवलेलं नसतं आणि वर्षभरानं त्याचा त्रास होतो. फसवणुकीचे बहुतेक प्रकार पहिल्या दोन अवस्थांमधल्या गोंधळावरच चालतात.

न आलेले पैसे

आधी सगळ्यात जुना आणि अजूनही जोरात चालणारा प्रकार. मेसेज साधारण असा असतो: 'नमस्कार, मी तुमची वस्तू पाहिली, किंमत मान्य आहे. मी सध्या जहाजावर कामाला आहे, इथून फोन लागत नाही. माझा शिपिंग एजंट तुमच्याकडून वस्तू घेऊन जाईल. त्याचे पैसे मी तुमच्याच रकमेत मिळवून पाठवतो, तुम्ही त्याला देऊन टाका.'

हा मेसेज सावकाश वाचा. साडीचा रंग, कापड, पदर याबद्दल एक शब्द नाही, सगळीकडे 'वस्तू', कारण हाच मजकूर मोबाइल विकणाऱ्यालाही गेलेला असतो. घासाघीस नाही. साडी घेणारं मराठी किंवा गुजराती गिऱ्हाईक भाव न करता 'किंमत मान्य' म्हणतं, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? फोन लागत नाही, म्हणजे आवाज ऐकायची सोय नाही. आणि खरी मेख शेवटच्या वाक्यात आहे: जास्तीचे पैसे तुमच्याकडे येणार आणि त्यातले काही तुम्ही तिसऱ्याला द्यायचे. तुमच्याकडे येणारे पैसे खोटे असतात, तुमच्याकडून जाणारे खरे.

खोटे पैसे दोन-तीन रूपांत येतात. एक म्हणजे पेपालच्या नावानं आलेला ईमेल: 'तुमच्यासाठी ४५० डॉलर आले आहेत, ट्रॅकिंग नंबर दिल्यावर ते मोकळे होतील.' लोगो अचूक, मजकूर सफाईदार. पेपाल काही वेळा खरोखरच रक्कम रोखून ठेवतं, म्हणून हे पटतंही. पण रोखलेली रक्कमसुद्धा तुमच्या पेपाल खात्यात दिसते. ईमेलमधल्या लिंकवर न जाता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून किंवा ॲप उघडून पाहा. तिथं नसेल तर ती कुठंच नाही.

दुसरं रूप म्हणजे 'स्विफ्ट कॉपी'. मोठ्या ऑर्डरी घेणाऱ्यांना ही भेटते. पार्टी पीडीएफ पाठवते, त्यावर बँकेचं नाव, रक्कम, 'एमटी १०३' अशी अक्षरं, लांबलचक संदर्भ क्रमांक. 'पैसे निघाले आहेत, माल लोड करा.' आता, स्विफ्ट हे बँकांनी एकमेकांना पैशाबद्दल निरोप पाठवायचं जाळं आहे. एमटी १०३ हा त्यातल्या एका निरोपाचा जुना नमुना. २०२५ च्या नोव्हेंबरपासून बँका आपापसांत हे निरोप नव्या स्वरूपात पाठवतात, तरी जुन्या नावाची पीडीएफं फिरतच आहेत. कॉपी खरी असली तरी तो निरोपच. तो निरोप रद्द होऊ शकतो, चुकीच्या खात्याचा असू शकतो आणि फोटोशॉपमध्ये तर पाच मिनिटांत बनतो. प्रत्येक खऱ्या व्यवहाराला यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो. तो पार्टीकडून घ्या आणि आपल्या बँकेच्या फॉरेक्स विभागाला द्या, त्यांना पैसे कुठवर आलेत ते पाहता येतं. माल मात्र जमा झाल्यावरच हलवायचा.

चेकचं रूप भारतात कमी दिसतं, पण न्यू जर्सीत किंवा टोरांटोत बसून घरगुती मसाले, दागिने, जुनं फर्निचर विकणाऱ्या मराठी मंडळींना ते हमखास भेटतं. अमेरिकेत चेक भरल्यावर बँक एक-दोन दिवसांत रक्कम वापरायला देते, आणि तो चेक खोटा असल्याचं कळायला काही आठवडे लागू शकतात. मधल्या काळात तुम्ही 'जास्तीचे' पैसे एजंटला दिलेले असतात. चेक परत आला की सगळी रक्कम तुमच्याकडूनच वसूल होते. इकडं भारतात परदेशी चेक वटायला इतका वेळ आणि खर्च लागतो की छोट्या विक्रेत्यानं तो सरळ नाकारावा. शिष्टाचार म्हणूनही घेऊ नये.

आलेले, पण पक्के नसलेले

पेपाल आणि कार्ड हे दोन्ही गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकलेले मार्ग आहेत. म्हणून तर ह्यूस्टनची अनोळखी बाई येवल्यातल्या अनोळखी मुलीला तीनशे डॉलर बिनधास्त देते. ते झुकतं माप चुकीचं नाही, फक्त आपण ते जाणून असावं.

पेपालनं भारतातल्या भारतात पैसे घेण्या-देण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, पण परदेशातून भारतीय विक्रेत्याला पैसे घेता येतात. गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतं. भारतात पेपालमधली रक्कम आपोआप बँकेत जाते, त्यामुळे अनेकांना वाटतं की बँकेत आली म्हणजे सुटलो. तसं नाही. तक्रार गिऱ्हाइकाच्या बाजूनं निकालात निघाली की पेपाल खातं उणेमध्ये जातं आणि पुढच्या विक्रीचे पैसे आधी त्यात वळते होतात.

पेपाल विक्रेत्यालाही संरक्षण देतं, पण त्याच्या अटी कुणी वाचत नाही. ढोबळमानानं दोन तक्रारींत ते तुमच्या बाजूनं उभं राहतं: 'माल मिळाला नाही' आणि 'हा व्यवहार मी केलाच नाही'. 'माल सांगितल्यासारखा नाही' ही तिसरी तक्रार त्या संरक्षणात बसत नाही, आणि पैठणीसारख्या हातमागाच्या वस्तूत रंगाची छटा हा कायमचा वादाचा विषय. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात काढलेले, हातमागाच्या विणीत बारीक फरक असतो हे वर्णनात लिहिलेलं, आणि शक्य तर साडी पूर्ण उलगडून दाखवणारा व्हिडिओ आधी पाठवून 'हीच हवी' असं लेखी उत्तर घेतलेलं, एवढं असावं.

संरक्षणाची सगळ्यात महत्त्वाची अट पत्त्याची. व्यवहाराच्या पानावर जो पत्ता दिसतो त्याच पत्त्यावर माल गेला पाहिजे आणि तिथं पोचल्याचा पुरावा पाहिजे. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी घेणाऱ्याची सहीही लागते. फसवणारे नेमका इथंच हात घालतात. पैसे दिल्यावर दोन तासांनी गोड मेसेज येतो: 'अहो, मी पुढच्या आठवड्यात बहिणीकडे आहे, साडी या पत्त्यावर पाठवाल का?' पाठवलीत की 'माल मिळालाच नाही' म्हणायला तो मोकळा, आणि तुमच्याकडचा पुरावा भलत्याच पत्त्याचा. बहीण खरीही असेल. तरी उत्तर एकच: पूर्ण रक्कम परत करते, नव्या पत्त्यासह पुन्हा ऑर्डर टाका. गिऱ्हाइकानं स्वतःचं कुरिअर पाठवायचं म्हटलं तरी हीच गत, कारण तिथं पोचवल्याचा पुरावा तुमच्या हातात राहत नाही.

कार्डाची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडे कार्ड वापरलं की ओटीपी येतो, कारण भारतीय कार्डांवरच्या देशातल्या ऑनलाइन व्यवहारांत ती दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेनं सक्तीची केली आहे. अमेरिकी बँकेच्या कार्डाला तशी सक्ती नाही. नंबर, मुदत, मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे निघतात, आणि चोरलेल्या कार्डांचे हे आकडे बाजारात विकले जातात. कार्डाचा खरा मालक महिन्याभरानं स्टेटमेंट पाहतो, बँकेला कळवतो, आणि बँक तुमच्याकडून रक्कम ओढून घेते. हाच चार्जबॅक. व्हिसाच्या नियमांत बहुतेक तक्रारींना १२० दिवस मिळतात, आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत ते माल अपेक्षित होता त्या तारखेपासून मोजता येतात. साडी गेली, पैसे गेले, वर चार्जबॅकची फी.

पेमेंट गेटवे, म्हणजे आपल्यासाठी कार्डाचे पैसे घेणारी सेवा, घेताना म्हणून एक गोष्ट विचारून घ्या: परदेशी कार्डांवर थ्री-डी सिक्युअर, म्हणजे ओटीपीसारखी दुसरी पडताळणी, चालू आहे का? ती होऊन व्यवहार झाला असेल, तर 'हे कार्ड मी वापरलंच नाही' या तक्रारीचा भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. तुमच्यावर नाही. ती चालू केल्यानं काही गिऱ्हाइकं अर्ध्यात सोडून जातात, हेही खरं. मला विचाराल तर दोनशे डॉलरच्या वरच्या वस्तूंसाठी ती गळती सोसलेली परवडते.

चोरीच्या कार्डाची ऑर्डर ओळखता येते, पण आपल्या बाबतीत एक घोटाळा आहे. जगभरची पुस्तकी यादी सांगते: कार्ड एका देशातलं आणि माल दुसऱ्या देशात जात असेल तर सावध. मराठी घरांत मात्र दुबईतला भाऊ लंडनच्या बहिणीला भाऊबीजेची साडी पाठवतो, सिडनीचा मुलगा साताऱ्यात आईला. त्यामुळे निव्वळ पत्ता वेगळा म्हणून शंका घेऊ नका. शंका घ्या ती पहिल्याच ऑर्डरीत एकसारख्या सहा साड्या, सगळ्यात महागडं आणि सगळ्यात जलद कुरिअर, आणि आधीची तीन कार्डं नाकारली जाऊन चौथं चाललेलं असेल तेव्हा. अशा ऑर्डरीला एक साधा फोन किंवा व्हिडिओ कॉल करा. खरं गिऱ्हाईक खूश होतं, खोटं गायब होतं.

ॲमेझॉन ग्लोबल सेलिंगसारख्या बाजारपेठांवर विकत असाल तर पैसे घेण्याची ही झंझट बरीचशी तेच पाहतात आणि त्याचं कमिशन कापतात. तिथलं गिऱ्हाईक 'कमिशन वाचवू, बाहेर करू' म्हणालं, तर कमिशनबरोबर संरक्षणही सुटतं एवढं ध्यानात ठेवा.

बँकेतून थेट

परदेशी बँकेतून आपल्या खात्यात थेट आलेली रक्कम, म्हणजे वायर, सगळ्यांत पक्की. एकदा जमा झाली की पाठवणाऱ्याला ती एकतर्फी ओढून नेता येत नाही. त्यामुळेच नवं गिऱ्हाईक वायरला कचरतं. तिकडची सरकारंच लोकांना सांगतात की अनोळखी विक्रेत्याला वायर करू नका. दोन-तीन व्यवहार पेपालनं करून ओळख झाल्यावर वायरवर यावं, हा मधला रस्ता बहुतेकांना पटतो.

खाते क्रमांक दिल्यानं कुणी खातं रिकामं करत नाही. खातेदाराचं नाव, क्रमांक, बँक, शाखेचा पत्ता आणि स्विफ्ट कोड एवढं द्यायला हरकत नाही. कार्डाचा फोटो, ओटीपी, पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड यातलं काहीही पैसे घ्यायला लागत नाही. युरोपातलं गिऱ्हाईक आयबॅन, म्हणजे तिकडे चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागेल. भारतात आयबॅन नाही, तसं सांगायचं. तुमच्या गावातल्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल, तेव्हा बँक जवळच्या मोठ्या शाखेचा देते. तो शाखेतूनच घ्या, गुगलवरून उचलू नका.

तीनशे डॉलर पाठवले की तीनशे येत नाहीत. मधल्या बँका आपापला वाटा कापतात, आणि आपली बँक डॉलरचे रुपये करताना दर थोडा कमी लावते. पाठवणाऱ्याच्या फॉर्मवर खर्च कुणाचा हे विचारलेलं असतं. 'ओयूआर' म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, 'एसएचए' म्हणजे वाटून. बिलावर आधीच लिहिलं तर नंतर पंचवीस डॉलरवरून तोंड वाईट होत नाही. छोट्या रकमांना वायरचा खर्च अंगावर येतो. पेपालचं कमिशन साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि वर रुपये करतानाचा वेगळा कट, तेही हलकं नाही.

या दोघांच्या मधला पर्याय गेल्या काही वर्षांत चांगला झाला आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं परदेशी व्यवहार हाताळणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे विक्रेत्यांसाठी गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून देणाऱ्या, कंपन्यांना थेट आपल्या देखरेखीखाली आणलं. एका वस्तूची किंवा सेवेची कमाल मर्यादा २५ लाख रुपये, म्हणजे आपल्या साडीवालीला चिंता नाही. यातल्या काही कंपन्या अमेरिकेतला किंवा युरोपातला स्थानिक खाते क्रमांक देतात. गिऱ्हाईक आपल्याच देशात पैसे भरतं, तुमच्याकडे ते रुपयांत येतात. कंपनी मान्यताप्राप्त आहे का, हे तिच्या जाहिरातीत नाही, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहावं.

पैसे कशाचे, हे सांगणं

वायर आली की बँक विचारते: कशाचे? उत्तर 'पर्पज कोड'मध्ये द्यायचं असतं. माल पाठवण्याआधी आलेल्या ॲडव्हान्सला पी०१०३. काउंटरवरचा माणूस घाईत असतो, तो विचारतो, 'घरखर्चाचे ना?' आपण मान हलवतो, आणि लागतो पी१३०१, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकानं कुटुंबासाठी पाठवलेले पैसे. त्या दिवशी काही बिघडत नाही. पण कस्टम्सकडे निर्यातीची नोंद आहे आणि बँकेत तिचे पैसे आल्याची नोंद नाही, अशी तफावत राहते. ती पुढं जीएसटीच्या परताव्यात किंवा आयकराच्या प्रश्नावलीत वर येते.

वेस्टर्न युनियनचा सल्लाही इथंच बाद होतो. भारतात ही सेवा ज्या योजनेखाली चालते तिच्यात फक्त वैयक्तिक रकमा घेता येतात: कुटुंबाचा खर्च किंवा भारतात आलेल्या पर्यटकाचे पैसे. एका वेळी २,५०० डॉलर आणि वर्षाला ३० वेळा एवढीच मर्यादा, आणि मालाचे पैसे त्यातून घ्यायला परवानगीच नाही. म्हणजे कुणी फसवलं नाही तरी तुम्ही चुकीच्या बाजूला उभे.

बँकेकडून प्रत्येक रकमेची एफआयआरए म्हणजे परदेशातून पैसे आल्याची सूचना मागून घ्या आणि बिलाच्या प्रतीसोबत ठेवा. ॲग्रिगेटर असेल तर तोही देतो. निर्यातीला लागणारा आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक पॅनवर निघतो, फी ५०० रुपये. जीएसटीत निर्यातीवर कर भरावा लागू नये म्हणून एलयूटी, म्हणजे एक हमीपत्र, भरायचं असतं. ते तुमचा सीए दहा मिनिटांत करतो, इथं लांबण लावत नाही. मालाचे पैसे किती दिवसांत देशात आले पाहिजेत यालाही मुदत आहे. ती पूर्वी नऊ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधरा महिने झाली. ॲडव्हान्स घेऊन विकणाऱ्याला ही अडचण येत नाही.

आता असा प्रकार, ज्याला लोक फसवणूक समजतच नाहीत. ह्यूस्टनचं गिऱ्हाईक म्हणतं, 'डॉलरची भानगड नको, माझा मित्र तुम्हाला इथलेच रुपये जीपे करेल.' पैसे येतात, खरे असतात, साडी जाते. आणि दोन आठवड्यांनी बँक खातं गोठवते. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून नोंद आलेली असते: या खात्यात आलेले वीस हजार रुपये तिथल्या कुणाला तरी फसवून काढलेले आहेत. म्हणजे तो 'मित्र' मित्र नव्हताच. चोरीचे रुपये तुमच्या खात्यात टाकून त्यानं परदेशातल्या माणसासाठी साडी खरेदी केली, पैसे धुऊन घेतले. तुम्ही निर्दोष असलात तरी बिल, चॅट, कुरिअरची पावती घेऊन परगावच्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करायचा आणि तोवर दुकानाचं खातं बंद. या एका प्रकाराला मी चार्जबॅकपेक्षा जास्त घाबरतो. चार्जबॅकमध्ये एक व्यवहार जातो, इथं सगळं खातं अडकतं.

मग अनिवासी भारतीय गिऱ्हाइकाचे रुपये घ्यायचेच नाहीत का? घ्या, पण त्याच्या स्वतःच्या एनआरई खात्यातून (अनिवासी भारतीयाचं परदेशी कमाईचं रुपयांतलं खातं) आणि त्याच्याच नावानं. निर्यातीचे पैसे खरेदीदाराच्या एनआरई खात्यातून स्वीकारायला नियमांत जागा आहे, कारण त्या खात्यातला पैसा परदेशातून आलेला असतो. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावरून अशा खात्यांना यूपीआयही चालतं. एनआरओ खातं वेगळं, त्यात भारतातलं भाडं वगैरे जमा होतं. त्यातून पैसे येणार असतील तर आधी बँकेला विचारा.

मोठी ऑर्डर आली तर

सांगलीचा बेदाणा किंवा नाशिकची द्राक्षं कंटेनरनं जातात तेव्हा पेपालचा प्रश्नच नसतो. तिथं अर्धा ॲडव्हान्स आणि उरलेली रक्कम कागदपत्रं बँकेतून सोडवून घेताना, किंवा लेटर ऑफ क्रेडिट. एलसीमध्ये गिऱ्हाइकाची बँक हमी देते, पण ती कागद पाहून पैसे देते, माल पाहून नाही. बिलावर आणि एलसीवर मालाचं वर्णन एका शब्दानं वेगळं असलं तरी कागद परत येतात. उधारीवर माल द्यायची वेळ आली तर १९५७ पासून चालू असलेल्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा पाहावा. गिऱ्हाईक बुडालं किंवा त्यानं पैसे दिलेच नाहीत, तर नुकसानीचा मोठा भाग भरून मिळतो. आणि पार्टीनं सुचवलेली एस्क्रोची, म्हणजे माल पोचेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे ठेवण्याची, वेबसाइट कधीच वापरू नये. ती बहुधा पार्टीचीच असते.

ड्युटी आणि वाद

पैशांचे बरेच वाद फसवणुकीतून होतच नाहीत, ते ड्युटीतून, म्हणजे आयात शुल्कातून होतात. अमेरिकेत पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय आत जायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. आता तीनशे डॉलरच्या साडीवर दारात कुरिअरवाला ड्युटी मागतो, गिऱ्हाईक चिडून पार्सल नाकारतं आणि पेपालवर तक्रार टाकतं. म्हणून ड्युटी कोण भरणार हे पैसे घेण्याआधी लेखी ठरवा. आणि ड्युटी वाचावी म्हणून गिऱ्हाईक 'बिलावर पन्नास डॉलर लिहा' म्हणालं तर नाही म्हणा. तो कस्टम्सचा गुन्हा आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विमा पन्नासचाच मिळतो, आणि बँकेत आलेले तीनशे डॉलर कुठल्या बिलाचे याला उत्तर राहत नाही.

पैसे परत करायची वेळ आली, तर ज्या व्यवहारानं आले त्याच व्यवहारातलं रिफंडचं बटण दाबून परत करा. 'माझं कार्ड बंद झालंय, या दुसऱ्या खात्यात पाठवा' हे ऐकलंत, तर तुम्ही दुसऱ्या खात्यात पाठवाल आणि पहिल्या कार्डावर चार्जबॅकही येईल. दोनदा पैसे जातील.

तक्रार आलीच तर तिला उत्तर द्यायची मुदत थोडक्या दिवसांची असते, तारीख सूचनेतच असते, आणि उत्तर न देणं म्हणजे हार. जोडायचे कागद: ऑर्डरीचं पान, बिल, कुरिअरचं एअरवे बिल, पोचल्याची नोंद पत्त्यासह, सही घेतली असेल तर ती, आणि रंग-किमतीवर झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट. पॅकिंगचा एक सलग व्हिडिओ ठेवा, ज्यात साडी, वजनकाटा आणि चिकटवलेलं लेबल एकाच चौकटीत दिसतं. उत्तर लिहिताना भावना नकोत, चार ओळी इंग्रजीत तारखांसह पुरतात. समोरच्यानं खोटे पैसे दाखवून तुमच्याकडून खरे काढून नेले असतील, तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे भारतातल्याच कुठल्या खात्यात गेले असतील तर ते तिथंच अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. क्रिप्टोत गेलेले बहुधा परत मिळत नाहीत.